बायबल स्टडीजमध्ये मास्टर्स करायचंय: सेमिनरी, युनिव्हर्सिटी की परदेश? (नागपूरहून)

सदरची_लेक
नमस्कार मंडळी. मी नागपूरची, सदरला राहते, बीए हिस्लॉपमधून केलं (इतिहास आणि इंग्लिश लिटरेचर), सध्या एका शाळेत शिकवते. मला बायबलमधला जुना करार शिकायचाय, म्हणजे अगदी मुळापासून, हिब्रूतून, आणि पुढे पीएचडी करून हाच विषय शिकवायचाय. पाळक व्हायचं नाहीये, हे घरी पण सांगितलं आणि चर्चमध्ये पण, तरी जो तो विचारतो की मग बायबल शिकून करणार काय.

आत्ता हातात तीन गोष्टी आहेत. एक, यूकेच्या एका युनिव्हर्सिटीची १ वर्षाच्या मास्टर्सची ऑफर आलीय, नाव मोठं आहे, पण फी, राहणं, व्हिसा, तिकीट सगळं धरलं तर ४० लाखांच्या आसपास जातंय आणि स्कॉलरशिप मिळालेली नाही. दोन, इथेच बीडी (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) करायचं, जबलपूर, पुणे नाहीतर बंगलोर. तीन, नोकरी करत करत ऑनलाइन एमए. हिब्रू मला येत नाही, अक्षरं तेवढी शिकलेय यूट्यूबवरून. बाबा म्हणतात यूकेला जा, कर्ज काढू, घर आहे ना आपलं. मला रात्री झोप लागत नाहीये त्या घराच्या विचाराने. ज्यांना या फील्डची माहिती आहे त्यांनी प्लीज स्पष्ट सांगा, मन राखायला सांगू नका.

धंतोलीकर
मले बायबलमधलं काही समजत नाही ताई, पण कर्जाचं समजते, बँकेत जिंदगी गेली. ४० लाख, १५ वर्षं, साडेदहा टक्के धरले तर ईएमआय ४४ हजाराच्या वर जाते, आणि शिकत असतानाचं व्याज त्यात धरलंच नाही मी. साडेसात लाखाच्या वर बँक तारण मागते, म्हणजे घराचे कागद बँकेत जाऊन बसणार. आता तू सांग, या विषयात पहिली नोकरी लागली तर पगार किती असते? जे काय असंन ते आधी कागदावर लिही आणि बाजूले ४४ हजार लिही. मग बाबाले दाखव. बाबाचं प्रेम आहे पोरीवर, पण हप्ता प्रेमावर भरता येत नाही.

यवतमाळकर
मी सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, जुना करार शिकवतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, लांबेल, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, ताई तुमचा प्रश्न सेमिनरी की युनिव्हर्सिटी, भारत की परदेश असा आहेच नाही, तुमचा प्रश्न असा आहे की पुढची काही वर्षं तुम्हाला रोज हिब्रू कोण वाचायला लावणार आणि त्याचे पैसे कोण भरणार. या दोन्हींचं उत्तर जिथे चांगलं मिळेल तिथे जा, गेटवर पाटी कोणतीही असो. कॉलेजचं नाव बघून विषय निवडणारी मुलं मी पाहतो आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण पीएचडीच्या मुलाखतीत तुम्हाला कॉलेजचं नाव कोणी विचारत नाही, समोर जुन्या करारातल्या यशयाच्या पुस्तकाचा एखादा अध्याय ठेवतात आणि म्हणतात वाचा.

आता १ वर्षाचं मास्टर्स घ्या. यूकेत ते सप्टेंबरला सुरू होतं, मे-जूनपर्यंत वर्ग आणि परीक्षा आटोपतात, मग उन्हाळाभर डिझर्टेशन. ज्याचं हिब्रू आधीच २-३ वर्षांचं आहे त्याच्यासाठी हा सोन्यासारखा कोर्स आहे. पण अक्षरओळखीपासून सुरू करणाऱ्याचं काय होतं, पहिले काही महिने व्याकरणात जातात, जरा कुठे सोपं गद्य वाचायला लागलं, रूथचं पुस्तक वगैरे, तोवर डिझर्टेशनचा विषय द्यायची वेळ येते आणि तो विषय मग इंग्रजी पुस्तकांवरच बेतावा लागतो. म्हणजे ४० लाख देऊन जे शिकायला गेलात ते सोडून बाकीचं शिकून परत आलात.

भाषेला वेळ का लागतो ते एका उदाहरणाने सांगतो. आमच्याकडे विद्यार्थी जो मोठा हिब्रू कोश वापरतात, बीडीबी म्हणतात त्याला, त्यात शब्द नुसते आद्याक्षरावरून लावलेले नाहीत, धातूखाली लावलेत. म्हणजे पानावर दिसणारा शब्द उचलून कोशात शोधायला गेलं तर बऱ्याचदा सापडतच नाही. आधी पुढे चिकटलेलं 'आणि', 'ला', 'तो' वगैरे सोलून काढायचं, मागची प्रत्ययं काढायची, मग एखादं अक्षर गळालंय का ते ओळखायचं, आणि मग तीन अक्षरांचा धातू हाती लागतो, तेव्हा कुठे कोश उघडायचा. पहिल्या वर्षाची मुलं एका ओळीला पाऊण तास घालवतात. ज्यांनी शाळेत संस्कृतची रूपं घोकलीत त्यांना ही मेहनत ओळखीची वाटेल. यात शॉर्टकट नाही, आणि सॉफ्टवेअर धातू सांगतं म्हणून डोळ्याला सवय लागत नाही.

आता इथल्या मार्गाबद्दल. बीडी ही सेरामपूरच्या सिनेटची डिग्री (बंगालमधलं सेरामपूर, आपलं नगरकडचं श्रीरामपूर नाही, फोनवर हमखास गोंधळ होतो). कॉलेज १८१८ चं, केरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी काढलेलं, डिग्री द्यायचा अधिकार डेन्मार्कच्या राजाच्या १८२७ च्या सनदेतून आलेला आणि १९१८ च्या कायद्याने पक्का झालेला. देशभरातली बरीच प्रोटेस्टंट कॉलेजं तिला जोडलेली आहेत, जबलपूरचं लिओनार्ड, पुण्याचं युनियन बिब्लिकल सेमिनरी, बंगलोरचं युनायटेड थिऑलॉजिकल (हे १९१० चं), चेन्नईचं गुरुकुल. बीएनंतर बीडी साधारण ४ वर्षं, त्यावर एमटीएच (मास्टर ऑफ थिऑलॉजी) २ वर्षं, आणि जुन्या कराराच्या एमटीएचला हिब्रूशिवाय पान हलत नाही. विदर्भातल्या लोकांना बहुतेक माहीत नसतं म्हणून सांगतो, पुण्याची ही युनियन सेमिनरी मूळची आमच्या यवतमाळची, १९५३ ला तिथे सुरू झाली आणि १९८३ ला पुण्याला गेली. आमच्या गावातले जुने लोक अजून तिच्या आठवणी काढतात.

कॉलेज निवडताना फोन करून हे विचारा: हिब्रू एकूण किती सेमिस्टर शिकवता, व्याकरण संपल्यावर टेक्स्ट रीडिंगचा वर्ग आहे का, जुना करार शिकवणारे किती जण पूर्णवेळ आहेत आणि पुढच्या २-३ वर्षांत कोणी रिटायर होतंय का. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटेल, तरी विचारा.

सदरची_लेक
@धंतोलीकर काका, दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले. बाबांना अजून दाखवले नाहीत, रविवारी दाखवते.

@यवतमाळकर सर, एवढं कोणीच सांगितलं नव्हतं, ऑफर लेटरमध्ये सगळं किती छान वाटत होतं. पण ४ आणि २ म्हणजे ६ वर्षं, मग पीएचडी, तोपर्यंत मी पस्तिशीला टेकणार. घरी लग्नाचं बोलणं चालू आहे ते वेगळंच. आणि बीडीमध्ये प्रवचनशास्त्र, पास्टोरल केअर, चर्च अ‍ॅडमिनिस्ट्रेशन असं सगळं असतं ना, जे मला करायचंच नाहीये?

पाळक_काका
बेटा, मी नागपूर डायोसिसमधलाच निवृत्त पाळक. तू जे नको म्हणतेस त्याबद्दल एक बोलू का. बीडीत गावात पाठवतात, दवाखान्यात पाठवतात, एखाद्या मयताच्या घरी बसावं लागतं आणि तिथे स्तोत्र वाचावं लागतं. जुना करार रडणाऱ्या, भांडणाऱ्या, हद्दपार झालेल्या माणसांनी लिहिलाय, तो फक्त लायब्ररीत शिकला तर अर्धाच हाती येतो असं माझं प्रामाणिक मत आहे. आणि पाळक न होता बीडी करणारे खूप आहेत, आपल्या सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) बायकांना पाळक म्हणून दीक्षाही मिळते, पण ती घेतलीच पाहिजे असं नाही.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण डोळ्यासमोर ठेव. संस्कृतच्या एवढ्या विदुषी, तरी बायबलचा मराठी अनुवाद करायला घेतला तेव्हा हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, केडगावला मुक्ती मिशन चालवत, शेकडो मुलीबायकांचा संसार सांभाळत ते काम केलं, आणि १९२२ ला गेल्या तोवर पुरं केलं होतं, छापून आलं १९२४ मध्ये. कुठल्या युनिव्हर्सिटीत गेल्या होत्या हिब्रूसाठी? आपल्या मराठी मंडळीत त्यांच्यानंतर हिब्रू खोलवर जाणणाऱ्या बायका किती झाल्या? तू होशील तर मला फार आनंद होईल.

टाइन_नदीकाठी
मी मूळ नागपूरचा, इंग्लंडमध्ये नव्या करारात पीएचडी केली. यवतमाळकर सरांशी १ वर्षाच्या कोर्सबद्दल शंभर टक्के सहमत, पण परदेश म्हणजे फक्त यूके असं समजू नका, हे लोकांना कोणी सांगतच नाही.

अमेरिकेत मास्टर्स बहुतेक २ वर्षांचं असतं, एमटीएस किंवा एमएआर अशी नावं, तिथे हिब्रू शून्यापासून घेऊन दुसऱ्या वर्षी रीडिंग क्लासपर्यंत जाता येतं. ३ वर्षांचं एमडिव्ह असतं ते मुख्यतः पाळक होणाऱ्यांसाठी, तुम्हाला ते नको. आणि पैशाचं चित्र तिथे उलटं आहे, नोट्र डेमच्या थिऑलॉजी एमटीएसला प्रवेश मिळालेल्यांची ट्यूशन माफ असते, येल डिव्हिनिटी स्कूलने २०२२ पासून गरज दाखवणाऱ्या विद्यार्थ्यांची पूर्ण ट्यूशन द्यायला सुरुवात केली. राहण्याखाण्याचा खर्च उरतोच आणि व्हिसासाठी तो दाखवावा लागतो, पण ४० लाखांचा डोंगर नाही. अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत बंद होतात. पुढे पीएचडीला तिथे ५ वर्षांचं फंडिंग असतं, पण स्पर्धा भयंकर, बायबलच्या पीएचडीला येणारी बरीच मुलं एक सोडून दोन मास्टर्स करून आलेली असतात. यूकेत पीएचडी ३ वर्षांची, कोर्सवर्क जवळजवळ नाही, पहिल्या दिवसापासून तुमचा प्रबंध आणि तुम्ही, म्हणून भाषा आधीच पक्क्या असाव्या लागतात आणि पैसे स्वतः शोधावे लागतात.

ऑक्सफर्डला २ वर्षांचं एमफिल आहे, १ वर्षाच्या कोर्सपेक्षा ते तुमच्यासारख्यांना बरं. बेल्जियममध्ये ल्यूवनला थिऑलॉजी इंग्रजीतून शिकता येतं. जर्मनीत सरकारी युनिव्हर्सिटीत ट्यूशन बहुतेक ठिकाणी नाही, ट्युबिंगन आणि हायडलबर्ग ज्या राज्यात येतात तिथे मात्र २०१७ पासून युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो लागतात, पण थिऑलॉजीचा मुख्य अभ्यासक्रम जर्मनमधून चालतो. जर्मन तसंही शिकावंच लागणार आहे, कारण जुन्या करारावरचं निम्मं महत्त्वाचं लिखाण त्या भाषेत पडलंय आणि पीएचडीला वाचता येणं अपेक्षित असतं.

एक करा, ज्या प्रोफेसरकडे शिकायचं त्यांचे २-३ लेख वाचा आणि मग त्यांना छोटा ईमेल टाका. मी तुमचा चाहता वगैरे नको. मी अमुक वाचलं, मला अमुक प्रश्न पडलाय, माझं हिब्रू इथवर आलंय, तुम्ही पुढच्या वर्षी विद्यार्थी घेताय का. उत्तर येतं, आणि बऱ्याचदा तेच लोक सांगतात की आमच्याकडे नको, तमक्याकडे जा.

पाली_वाचक
मी बौद्ध, इंदोऱ्याला राहतो, नागपूर विद्यापीठातून पालीत एमए केलं. धागा वाचून राहवलं नाही.

पाळक काकांबद्दल आदर ठेवून वेगळं सांगतो. माझ्या वर्गात श्रद्धेने आलेले होते, नुसत्या भाषेच्या आवडीने आलेले होते, एक-दोन जण नुसते नेटच्या (प्राध्यापक व्हायला लागणारी यूजीसीची परीक्षा) तयारीसाठी. सरांनी कधी विचारलं नाही तुमचा विश्वास काय. सुत्त उघडायचं, पाठभेद बघायचे, हे वाक्य नंतर घुसलंय का यावर वाद घालायचा, आणि घरी गेल्यावर तेच सुत्त आई वंदनेला म्हणत असायची. मला त्याचा त्रास झाला नाही, उलट आईचं म्हणणं जास्त कान देऊन ऐकायला लागलो. पण त्रास झालेले मित्र पण आहेत माझे, आणि त्यांना बोलायला कोणी नव्हतं.

म्हणून ताई, कॉलेज बघताना हे पण बघा की तिथे अवघड प्रश्न वर्गात मोठ्याने विचारता येतो का. बायबलची पहिली पाच पुस्तकं मोशेने लिहिली का, यशया एकाच माणसाचा आहे का, असे प्रश्न तुमच्या विषयात असणारच. काही ठिकाणी उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि प्रवेशाच्या फॉर्मवर सही करून घेतात, काही ठिकाणी श्रद्धेचं नाव काढलं तर लोक अवघडतात. तुम्हाला कुठे श्वास घेता येईल ते तुम्हीच ठरवा. एखादा वर्ग बसून बघायला मिळतो का विचारा, एका तासात कळतं.

आणि युनिव्हर्सिटीत शिकवायचं असेल तर नेटमध्ये कंपॅरेटिव्ह स्टडी ऑफ रिलिजन्स हा विषय आहे. मद्रास आणि म्हैसूर विद्यापीठात ख्रिश्चन स्टडीजचे विभाग आहेत. ते लोक कोणती डिग्री धरतात ते लेखी विचारून ठेवा.

सेमिनरी_हिल्स
कॅथलिक बाजूचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. नागपूरकरांना सेमिनरी हिल्स म्हणजे फिरायला जायची टेकडी आणि जपानी गार्डन, पण ते नाव ज्या सेंट चार्ल्स सेमिनरीवरून पडलं ती अजून तिथे आहे. तिथे फादर होणारेच शिकतात, पण पुण्याच्या ज्ञानदीपमध्ये थिऑलॉजीला सिस्टर्स आणि साधे लोकही बसतात. पुढे बायबलमध्येच जायचं असेल तर रोमचं बिब्लिकम, म्हणजे बायबलच्या अभ्यासाची कॅथलिक संस्था, १९०९ ला सुरू झालेली, आता २०२४ पासून ग्रेगोरियन विद्यापीठात विलीन झालीय. तिथल्या लायसेन्शिएटला (मास्टर्ससारखी डिग्री) हिब्रू आणि ग्रीक दोन्ही लागतातच, नसतील तर आधी ती शिकवतात, आणि दोन्हींत पास झाल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. प्रोटेस्टंट मुलीला हा सरळ रस्ता नाही हे मला कळतं, पण तिथला क्रम बघा, आधी भाषा, मग विषय.

मोहननगर_२
स्कॉलरशिपबद्दल कोणीतरी स्पष्ट सांगायलाच पाहिजे. आपल्या नागपुरात शेजारच्या घरातली मुलगी राजर्षी शाहू महाराज स्कॉलरशिपवर परदेशात जाते, मग आपल्याला वाटतं आपण पण भरू. ती अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना, १९९० पासून बौद्धांना, ख्रिस्ती झालेल्यांना नाही. आजोबांची पिढी ज्या वस्तीत राहिली, जे भोगलं ते एकच, पण फॉर्मवर धर्माचा रकाना भरला की बाहेर. मला याचा फार राग येतो, पण माहिती म्हणून सांगतेय, म्हणजे त्यावर प्लॅन करू नका. अल्पसंख्याकांसाठी केंद्राची परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याज सवलत होती, पढो परदेस, ती २०२२-२३ पासून बंद. मौलाना आझाद फेलोशिप पण तेव्हाच बंद झाली.

उरतं काय, तर फेलिक्स, क्लॅरेंडन, गेट्स केंब्रिज, चिव्हनिंग या स्कॉलरशिप (याला २ वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तुमचं शाळेतलं शिकवणं धरता येतं का बघा). आणि स्वतःच्या चर्चची मदत, ती लाज न बाळगता मागा.

गोधनी_रोड
ऑनलाइनवाल्या पर्यायाबद्दल एवढंच, माझ्या भावाने एका संस्थेचं ऑनलाइन एमए केलं, दीड लाख भरले, सर्टिफिकेट आलं, त्यावर सोनेरी शिक्का पण आहे, आणि ते घेऊन एका कॉलेजात गेला तर ते म्हणाले ही संस्था सेरामपूरलाही जोडलेली नाही, एटीएचीही (एशिया थिऑलॉजिकल असोसिएशन) मान्यता नाही आणि कुठल्या युनिव्हर्सिटीचीही नाही. पैसे गेले, दोन वर्षं गेली. वेबसाइटवर अ‍ॅक्रेडिटेड लिहिलं असेल तर कोणी केलं ते विचारा, आणि मग त्यांच्या यादीत जाऊन नाव स्वतः शोधा.

सदरची_लेक
सगळ्यांना मनापासून थँक्यू. रविवारी बाबांना कागद दाखवला. काही बोलले नाहीत, चहा संपवला, मग म्हणाले की तुझ्या आजीने हे घर कसं उभं केलं माहितीये ना, ठेवू नको ते बँकेत. यूकेला नाही कळवतेय उद्या.

आता असं डोक्यात आहे, नोकरी चालू ठेवायची, हे वर्ष फक्त हिब्रूला द्यायचं, डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या २ वर्षांच्या कोर्सेसना अर्ज करायचे, फक्त जिथे ट्यूशन माफ आहे तिथे, आणि सोबत पुणे आणि बंगलोरच्या बीडीचे फॉर्म पण भरायचे. अमेरिकेचं झालं तर झालं, नाहीतर बीडी, आणि आता मला बीडी म्हणजे दुय्यम असं अजिबात वाटत नाहीये. काकांनी रमाबाईंचं लिहिलं ते वाचून आई रडली. पाली_वाचक दादा, वर्ग बसून बघायचं मी पुण्याला विचारलं, ते हो म्हणाले.

एकच अडकलंय, नागपुरात हिब्रू शिकवणारं मला कोणी सापडत नाहीये आणि एकटीने पुस्तकातून क्रियापदांपर्यंत आले की सगळं एकसारखं दिसायला लागतं.

यवतमाळकर
क्रियापदांशी सगळेच अडकतात, तिथे रोज अर्धा तास मोठ्याने वाचा, लिहून काढा आणि कोणालातरी म्हणून दाखवा. नागपुरात एनसीसीआयचं (नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया) ऑफिस सिव्हिल लाइन्सला आहे, तिथे सेमिनरी करून आलेले लोक भेटतात, जाऊन विचारा कोणाचं हिब्रू ताजं आहे का. सेंट चार्ल्सच्या एखाद्या फादरांना विचारायलाही हरकत नाही, बायबल शिकवणाऱ्याला हिब्रू शिकायला आलेलं माणूस कधी जड होत नाही.

तोवर मी आहे. गुरुवारी रात्री ९ ला व्हिडिओ कॉलवर अजून दोन मुलांना रूथ शिकवतो, एक गडचिरोलीचा, एक अमरावतीची, तुम्ही तिसऱ्या. फी नाही. सेफारिया या वेबसाइटवर मूळ हिब्रू फुकट आहे, पण तिथलं इंग्रजी भाषांतर बंद करून ठेवा. पहिल्या गुरुवारी रूथ १ च्या पहिल्या पाच ओव्या हाताने लिहून आणायच्या, स्वरचिन्हांसकट, आणि प्रत्येक क्रियापदाखाली धातू. चुकलं तरी चालेल, कोरं नको. व्यनि करा, लिंक पाठवतो.